बहुगाभा प्रोसेसर, जुन्या विंडोजवरील

बहुगाभा प्रोसेसर, जुन्या विंडोजवरील : एकाच चिपमध्ये दोन किंवा अधिक गाभे, म्हणजे बाजारातले ‘कोअर’, असलेला प्रोसेसर त्याच्या आधीच्या विंडोजच्या गळी उतरवणे आणि त्यावर खेळ नीट चालवणे. ही दोन कामे वेगळी आहेत. गिऱ्हाईक ती एकच धरते, आणि ‘ड्युअल कोअर घेतला तरी गेम अडकतो’ या तक्रारीचे मूळ बरेचदा तिथेच सापडते.

मुंबईत या विषयाचा पत्ता म्हणजे लॅमिंग्टन रोड. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांच्या नावाचा हा रस्ता ऑपेरा हाऊसकडून मुंबई सेंट्रलकडे जातो. त्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. रॅम घ्यायला निघालेला माणूस मात्र ते नाव घेत नाही. रेडिओच्या सुट्या भागांचा इथला बाजार पुढे संगणकाच्या सुट्या भागांचा झाला. गिरगावातल्या चाळीपासून लालबाग-परळच्या सायबर कॅफेपर्यंत कित्येक पीसी इथल्या मालातून ‘असेंबल’ झालेले. अशा पीसीत बोर्ड आणि प्रोसेसर बदलतात, हार्डडिस्क तीच राहते, आणि तिच्यावरची विंडोजही तीच. सगळी गोम इथे आहे.

विंडोज ९८ चा प्रश्न सोपा आहे, कारण तिथे उपायच नाही. ९५, ९८ आणि मिलेनियम या घराण्याला एकापलीकडचा प्रोसेसर दिसतच नाही. चार गाभ्यांची चिप लावली तरी एकच राबतो. शिवाय ५१२ एमबीच्या वर रॅम लावली की ९८ स्वतःच अडखळू लागते. एनटी घराण्यातल्या एक्सपीची (२००१) घडण वेगळी. तिच्या परवान्यात मोजले जातात ते सॉकेट, म्हणजे बोर्डावर चिप बसवायच्या जागा, गाभे नव्हेत : होम आवृत्तीला एक, प्रोफेशनलला दोन. ‘होमवर ड्युअल कोअर चालत नाही’ ही समजूत म्हणूनच खोटी. इंटेलचा पेंटियम डी आणि एएमडीचा अॅथलॉन ६४ एक्स२ हे २००५ मध्ये आले, कोअर २ ड्युओ २००६ मध्ये. तिन्ही होमवर चालतात.

एक्सपी टाकताना सेटअप यंत्र तपासतो आणि विंडोज आणि हार्डवेअर यांच्यामधला ‘हॅल’ नावाचा थर व त्याला जुळणारा कर्नल, म्हणजे विंडोजचा मूळ भाग, निवडतो. एका प्रोसेसरसाठी एक जोडी, अनेकांसाठी दुसरी. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘कॉम्प्युटर’ उघडले की कोणती निवड झाली ते कळते. तिथे ‘एसीपीआय युनिप्रोसेसर पीसी’ असेल तर ‘मल्टिप्रोसेसर’ करता येते, काही वेळा विंडोज आपणहून करते. नुसतेच ‘एसीपीआय पीसी’ लिहिले असेल तर खटपट करण्यात अर्थ नाही. सीडी घालून रिपेअर किंवा सरळ फॉरमॅट. कॅफेवाल्यांची अडचण याहून खास होती. एका मशीनवर विंडोज, ड्रायव्हर, गेम असे सगळे टाकायचे आणि त्याची घोस्ट इमेज, म्हणजे डिस्कची हुबेहूब नक्कल, बाकीच्यांवर मारायची, ही रीत. इमेज जुन्या सिंगल कोअरवर बनलेली असली की तिच्याबरोबर एका प्रोसेसरचा हॅलही नव्या ड्युअल कोअरवर येतो, आणि टास्क मॅनेजरमध्ये आलेख दिसतो एकच. त्यात डिस्क दर रीस्टार्टला पूर्ववत करणारे डीप फ्रीझ चालू असेल तर केलेली दुरुस्ती रीस्टार्टला पुसून जाते; आधी ते ‘थॉ’ करावे लागते.

दोन आलेख दिसले, पहिले काम झाले. दुसरे काम इथे सुरू होते, आणि खरी गंमत त्यातच आहे. प्रत्येक गाभ्यात घड्याळाच्या ठोक्यांचा एक मोजक असतो; जुने अनेक खेळ वेळ त्यावरूनच काढत. अॅथलॉन ६४ एक्स२ मध्ये दोन गाभ्यांचे मोजक जुळलेले राहत नसत, आणि वीज वाचवण्यासाठी वेग उतरला की ठोकेही मंदावत. विंडोजने खेळ एका गाभ्यावरून दुसऱ्यावर हलवला की खेळाच्या लेखी काळ मागे जाई किंवा उडी मारी. पडद्यावर गाडी क्षणभर थिजते आणि मग सुसाट पळते, ती यामुळे. एएमडीने यासाठी ‘ड्युअल कोअर ऑप्टिमायझर’ काढला. बूट डॉट आयएनआय फाइलमधल्या विंडोजच्या ओळीला ‘यूजपीएमटायमर’ जोडणे हा दुसरा उपाय. पण विंडोजला वेळ विचारणाऱ्या खेळांनाच तो लागू पडतो, मोजक थेट वाचणाऱ्यांना नाही. एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ वर मायक्रोसॉफ्टची ८९६२५६ क्रमांकाची दुरुस्तीही होती. ती वीज वाचवण्याच्या सोयीमुळे बहुप्रोसेसर यंत्रे मंदावतात त्यासाठी.

सगळ्यात स्वस्त उपाय फुकटचा आहे. खेळ चालू असताना कंट्रोल-ऑल्ट-डिलीट, ‘प्रोसेसेस’, खेळाच्या नावावर राइट क्लिक, ‘सेट अॅफिनिटी’, आणि दुसऱ्या गाभ्याची खूण काढायची. खेळ बंद केला की ही निवड विसरली जाते, दर वेळी पुन्हा करावी लागते. पैसे देऊन घेतलेला गाभा स्वतःच्या हाताने बंद करायचा हे पचायला जड जाते. तरी जुन्या खेळासाठी हाच शहाणपणा.

कारण काउंटर-स्ट्राइक १.६ सारखा खेळ मुळात एकाच धाग्यावर, म्हणजे ‘थ्रेड’वर, चालतो. तो पूर्ण जोर लावत असतानाही टास्क मॅनेजर ५० टक्क्यांच्या आसपासच दाखवतो, कारण दुसरा गाभा जवळजवळ रिकामा. त्या गाभ्याचा फायदा अँटिव्हायरस आणि विनअँपला. १९९९ च्या क्वेक ३ मध्ये दुसऱ्या प्रोसेसरची सोय होती, पण तो अपवाद. २००८ च्या अखेरीस पीसीवर आलेल्या जीटीए ४ ने कोअर २ ड्युओ ही किमान गरज सांगितली आणि चार गाभ्यांची शिफारस केली. त्यानंतर सिंगल कोअर कॅफेंना परवडेना.

मायक्रोसॉफ्टने ९८ चा आधार जुलै २००६ मध्ये आणि एक्सपीचा ८ एप्रिल २०१४ रोजी काढून घेतला. आज जुन्या खेळांसाठी एक्सपीचा पीसी जुळवायचा तर २०१२ च्या आयव्ही ब्रिज पिढीपर्यंतचा प्रोसेसर आणि एच६१ सारखा बोर्ड पाहावा. त्यांचे एक्सपी ड्रायव्हर मिळतात. बायोसमध्ये साटा ‘आयडीई’वर ठेवावा, नाहीतर सेटअप निळ्या पडद्यावर थांबतो.