वसुलीची चाकरी आणि गावाची मालकी

पांढुर्णा-सौसर भागातील जुन्या मराठी घरांत ‘आमच्याकडे मालगुजारी होती’ हे वाक्य आजही अभिमानाने उच्चारले जाते. ही मालकी मुळात सारावसुलीच्या कामातून आली होती आणि त्या कामाचा काचही मोठा होता, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. तिगावसारख्या घाटाखालच्या गावांचा इतिहास या बाजूनेही पाहण्याजोगा आहे.

हा मुलूख १८५४ पर्यंत नागपूरकर भोसल्यांचा होता. परगण्यावर कमाविसदार आणि गावावर पाटील, अशी वसुलीची उतरंड होती. देशावर पाटीलकी हे पिढीजात वतन. आपल्या भागातला पाटील मात्र बहुतांशी गावाचा ठेकेदार. सरकार ठरवील तो सारा त्याने भरावयाचा, आणि हा ठराव बहुधा वर्षावर्षाला नवा होई. त्याच्या पदरी काय पडे? गावात मान, पडीक जमीन कुळांना वाटून देण्याचा अधिकार, स्वतःच्या शेताला सवलत आणि भरणा होऊन उरेल ती शिल्लक. पाऊस चुकला, तरी भरणा मात्र चुकत नसे. कुळे रात्रीतून गाव सोडून जात. पाटलाला तीही सोय नव्हती.

१८०३ च्या देवगावच्या तहात दुसऱ्या रघूजी भोसल्यांच्या हातून कटक आणि वर्धा नदीपलीकडचे वऱ्हाड गेले. उत्पन्न घटले, खर्च घटला नाही. उरलेल्या मुलखावर त्याचा बोजा पडला. रयतेने या राजाला ‘बडा बनिया’ असे नाव ठेवले होते! परंतु राजाची मागणी कुळाच्या दारात घेऊन जाणारा माणूस गावचाच असे, आणि शिव्याशापही प्रथम त्यालाच ऐकावे लागत.

१८१८ नंतर रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स याने कारभार हाती घेऊन वसुलीची घडी बसविण्याचा यत्न केला. त्याचा १८२७ चा अहवाल या विषयाच्या अभ्यासकाला टाळता येत नाही. खरा पालट झाला तो मध्य प्रांताची स्थापना (१८६१) झाल्यानंतरच्या बंदोबस्तात. ज्याच्याकडे वसुली होती, त्यालाच गावाचा मालक ठरविण्यात आले. कालचा ठेकेदार आज मालगुजार झाला. माझ्या मते आपल्या घराण्यांच्या इतिहासातील ही सर्वांत मोठी बक्षिशी होय. आणि तिचे मोल कुळांनी दिले, हेही नमूद करावयास हवे.

मालकी आली, तरी जबाबदारी सुटली नाही. गावाच्या भरण्यासाठी लंबरदार सरकारला जबाबदार असे. मालकी मिळाल्याने गाव गहाण टाकता येऊ लागले, आणि १८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांत प्रांतातील कितीतरी कर्जबाजारी मालगुजारांची गावे सावकारांकडे गेली.

या सर्व काळात पटवारी शेजारीच बसून खसरा लिहीत होता. त्याला शिल्लक नव्हती, तशी जोखीमही नव्हती. मालगुजाराच्या ओसरीवर अदबीने बसणारा हा माणूस पुढे पगारी सरकारी नोकर झाला. त्याची बदली होई; त्याच्या घरावर जप्ती येत नसे.

३१ मार्च १९५१ रोजी मध्य प्रदेशात मालगुजारी संपली. जंगल, तळी, बाजार, पडीक जमीन हे सारे सरकारजमा झाले. घरच्या वहितीची सीर व खुदकाश्त जमीन तेवढी मालगुजाराकडे राहिली. मोबदला मिळाला, पण मान मोबदल्यात बसत नव्हता. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला, छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला. २०२३ मध्ये त्यातूनच पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला.

आज आपल्या घरांतील जुन्या रुमालांतले मोडी कागद वाचणारे फार थोडे उरले आहेत. त्याच शेतांचा खसरा मात्र हिंदीत दरसाल लिहिला जातो, आणि शेताची नोंद हवी असली की मालगुजारांचे पणतूही पटवाऱ्याकडेच जातात.