दिव्याची शाळा

टेबलावरचा विजेचा दिवा ही आज इतकी साधी वस्तु झाली आहे, कीं तो कोणीं तरी विचार करून घडविला असेल हें आपल्या मनांतहि येत नाहीं. परंतु ह्या साध्या दिव्यापायीं जर्मनींतील कांहीं विद्यार्थ्यांना जो धडा शिकावा लागला, तो ऐकण्यासारखा आहे.

इ. स. १९१९ मध्यें वाल्टर ग्रोपिउस यांनीं वायमार येथें 'बाउहाउस' नांवाची कलाशाळा स्थापिली. कला आणि कारागिरी यांची फारकत मोडावी हा तिचा हेतु. १९२४ सालीं तिच्या धातुकामाच्या कर्मशाळेंत विल्हेल्म वागेनफेल्ड व कार्ल याकोब युकर ह्या तरुणांच्या हातून एक टेबलदिवा तयार झाला. धातु, कांच आणि वर दुधी कांचेचा घुमट. नक्षीचें नांव नाहीं. त्याच सालीं ह्या कर्मशाळेंतील दिवे लायप्झिगच्या व्यापारी जत्रेंत मांडले गेले, तेव्हां व्यापारी व कारखानदार त्यांना हसले! कारण उघड होतें. दिवा दिसावयास यंत्रावर निघालेला, म्हणजे स्वस्त. प्रत्यक्षांत मात्र तो हातानें घडविलेला, म्हणून महाग. यंत्राला शोभेल असें रूप काढणें सोपें. यंत्राला झेपेल असें काढणें कठीण.

मारिआना ब्रांट ही विद्यार्थिनी त्याच सुमारास ह्या कर्मशाळेंत दाखल झाली. मुलींनीं विणकामाकडे जावें असा तेथील प्रघात. आरंभीं तिच्या वाट्यास कंटाळवाणीं कामेंच आलीं. तीं तिनें निमूटपणें केलीं. १९२५ मध्यें शाळा डेसाउ येथें गेली आणि पुढल्या वर्षीं नव्या इमारतीचे दिवे ह्याच कर्मशाळेनें पुरविले. १९२८ पासून लायप्झिगच्या 'कांडेम' दिव्यांच्या कारखान्याशीं सहकार्य सुरू झालें.

आतां कागदावरच्या रेघेला कारखान्याचा जाब द्यावा लागला. उघडा बल्ब डोळ्यांस खुपतो; दुधी कांच प्रकाश पसरविते, पण त्यांतला कांहीं भाग गिळते. दिव्याची उष्णता बाहेर गेली पाहिजे, धूळ सहज पुसतां आली पाहिजे, पत्र्याची शेड साच्यांत दाबून निघाली पाहिजे. ब्रांट व हिन ब्रेडेनडीक यांनीं १९२८ मध्यें जो उशाजवळचा दिवा रेखाटला, त्याची शेड हवी तिकडे कलते आणि बटण बैठकीवर आहे. झोपेंतल्या माणसालाहि तें चांचपून सांपडावें!

नाझी सत्तेच्या दडपणाखालीं १९३३ मध्यें ही शाळा बंद पडली. शिकवण मात्र उरली. अडचण ही कल्पनेची वैरीण नव्हे, तिची पंतोजी आहे. जिला हंसून परत पाठविलें, त्याच कर्मशाळेचे दिवे चार वर्षांनीं कारखान्यांत निघूं लागले. कारण त्या हंसण्यांतला खरा भाग विद्यार्थ्यांनीं ओळखला. आपल्या मुलांच्या रेखाटनाची वाहवा करतांना, 'हें घडवावयाचें कसें, आणि परवडेल कोणाला?' एवढें आपण विचारूं लागलों, तरी पुष्कळ झालें.