पत्रकारांची समाजमाध्यमांवरील हेटाळणी : टीका, उपहास आणि छळ यांतील सीमारेषा

पत्रकाराने मांडलेले राजकीय मत न पटणे ही लोकशाहीतील नित्याची बाब आहे. त्या मताचा प्रतिवाद करण्याचा अधिकार वाचकाला आहे, आणि त्याची थट्टा करण्याचाही. परंतु समाजमाध्यमांच्या काळात या दोहोंहून निराळा प्रकार रूढ झाला आहे. तो म्हणजे मत बाजूला सारून ते मांडणाऱ्या व्यक्तीचीच सामूहिक हेटाळणी. असे करणाऱ्यांसाठी मराठी वृत्तपत्रांतून ‘जल्पक’ हा शब्द वापरला जातो. टीका, उपहास आणि छळ यांच्या सीमा कोठे आहेत आणि त्या ओलांडल्यास निरनिराळ्या देशांत काय घडू शकते, याचा हा संक्षिप्त आढावा.

पूर्वपीठिका

संपादकाची विटंबना महाराष्ट्राला नवी नाही. १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढणाऱ्या गोपाळ गणेश आगरकरांची पुण्यातील सनातन्यांनी ते हयात असतानाच प्रेतयात्रा काढली होती. मात्र ती विटंबना शहराच्या रस्त्यांपुरती होती आणि ती करणारे लोक गावाला ठाऊक होते. आजचा जल्पक बहुधा निनावी असतो, त्याच्या साथीदारांची मोजदाद होत नाही आणि त्याने लिहिलेला मजकूर वर्षानुवर्षे शोधयंत्रांवर सापडत राहतो.

हेटाळणीची स्वतःची परिभाषाही तयार झाली आहे. एप्रिल २०१५ मध्ये तत्कालीन परराष्ट्र राज्यमंत्री व्ही. के. सिंह यांनी ट्विटरवर ‘प्रेस्टिट्यूट’ हा शब्द वापरला आणि तो भारतात घरोघरी पोहोचला. दुसऱ्या बाजूने सरकारधार्जिण्या वाहिन्यांसाठी ‘गोदी मीडिया’ हा शब्द प्रचारात आला. दोन्ही शब्दांची धार सारखी नाही. पहिल्यात स्त्रीदेहाला जोडलेली शिवी दडलेली आहे. पण दोहोंची सोय एकच आहे. शब्द चिकटवला की पत्रकाराने नेमके काय लिहिले हे वाचण्याची गरज उरत नाही.

दोन उदाहरणे

२८ जानेवारी २०२० रोजी विनोदकार कुणाल कामरा यांनी विमानप्रवासात वृत्तनिवेदक अर्णब गोस्वामी यांच्या आसनाजवळ जाऊन त्यांच्या पत्रकारितेची खिल्ली उडवली आणि त्याची चित्रफीत समाजमाध्यमांवर टाकली. इंडिगोने कामरा यांच्यावर सहा महिन्यांची प्रवासबंदी घातली. पुढे ती तीन महिन्यांवर आली. हा निषेध होता की प्रवाशाला दिलेला त्रास, यावर मतभेद झाले. तरीही बोलणारा स्वतःच्या नावाने बोलत होता आणि त्याचे परिणामही त्यानेच भोगले.

मुंबईच्या पत्रकार राणा अय्यूब यांचा अनुभव याहून फार वेगळा आहे. एप्रिल २०१८ मध्ये एका वाहिनीचे विडंबन करणाऱ्या ट्विटर खात्यावरून, बालकांवरील बलात्काऱ्यांची बाजू घेणारे बनावट विधान त्यांच्या नावावर खपवण्यात आले. त्यांनी खुलासा केला, पण तो मागे पडला. पाठोपाठ त्यांचा चेहरा जोडलेली बनावट अश्लील चित्रफीत पसरली आणि त्यांचा दूरध्वनी क्रमांकही जाहीर झाला. मे महिन्यात संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार तज्ज्ञांनी त्यांना संरक्षण द्यावे, असे आवाहन भारत सरकारला केले. दिल्ली पोलिसांकडील तक्रारीचा तपास मात्र २०२० मध्ये आरोपींचा शोध न लागताच बंद झाला.

अय्यूब यांच्या लेखनावर कठोर टीका करता येत नाही, असे मुळीच नाही. हरेन पंड्या हत्या प्रकरणाच्या जुलै २०१९ मधील निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या ‘गुजरात फाइल्स’ या पुस्तकातील मजकूर तर्कांवर आधारलेला ठरवला आणि पुरावा म्हणून तो स्वीकारला नाही. ही टीका पुस्तकाच्या आधारांना भिडणारी आहे. बनावट चित्रफितीने मात्र त्यांच्या एकाही मताला उत्तर दिले नाही. लिहिणाऱ्या स्त्रीला गप्प करणे एवढाच तिचा उपयोग होता.

हा प्रकार केवळ भारतापुरता नाही. युनेस्को आणि आंतरराष्ट्रीय पत्रकार केंद्र यांच्या २०२० मधील जागतिक सर्वेक्षणात ७३ टक्के महिला पत्रकारांनी ऑनलाइन हिंसा अनुभवल्याचे सांगितले. त्याच्याशी निगडित प्रत्यक्ष हल्ला किंवा छळ सोसल्याचे २० टक्के महिलांनी नोंदवले.

कायदा काय सांगतो?

भारत : केवळ त्रासदायक वा बोचरे लिहिणे हा गुन्हा नाही. २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी फेसबुकवर लिहिल्याबद्दल पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली. त्यातून उभ्या राहिलेल्या श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ अ रद्द केले. मात्र धमकी, बदनामी, पाठलाग आणि अश्लील मजकुराचा प्रसार हे आजही गुन्हेच आहेत.

अमेरिका : येथे उपहासाला सर्वाधिक मोकळीक आहे. १९८८ च्या हसलर विरुद्ध फॉलवेल निकालाने सार्वजनिक व्यक्तीच्या बोचऱ्या विडंबनालाही संरक्षण दिले. खऱ्या धमकीला ते नाही. संमतीविना प्रसृत केलेली खासगी वा बनावट अश्लील दृश्ये २०२५ च्या टेक इट डाउन कायद्याने गुन्हा ठरली आहेत.

ब्रिटन : २०२३ च्या ऑनलाइन सुरक्षा कायद्यातील नव्या गुन्ह्यांच्या तरतुदी ३१ जानेवारी २०२४ पासून लागू आहेत. त्यांत धमकीचे संदेश, हानी करण्याच्या हेतूने जाणूनबुजून पाठवलेली खोटी माहिती आणि बनावट खासगी दृश्यांचा प्रसार यांचा समावेश होतो.

संयुक्त अरब अमिराती : अफवा व सायबर गुन्ह्यांविषयीच्या २०२१ च्या कायद्यानुसार ऑनलाइन अपमान हाच गुन्हा आहे. त्यासाठी कैद किंवा अडीच ते पाच लाख दिरहम दंड, वा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

म्हणजे न्यू जर्सीत बसून केलेली जी शेरेबाजी केवळ असभ्य ठरेल, तीच दुबईत नोकरी आणि निवासाचा परवाना धोक्यात आणू शकते. ‘मी लिहिले नाही, फक्त पुढे पाठवले’ हा बचाव सर्वत्र टिकेल असे गृहीत धरू नये.

वाचकाची कसोटी

एखाद्या पत्रकाराविषयीचा मजकूर पुढे पाठवण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. हे विधान खरोखर त्याच पत्रकाराचे आहे का? आपला आक्षेप मताला आहे की धर्म, जात, लिंग वा रूप यांना? आणि हाच मजकूर आपण आपल्या नावाने, त्या व्यक्तीसमोर उच्चारू का? तिन्ही उत्तरे समाधानकारक असतील, तर टीका कितीही धारदार असली तरी ती वादाचाच भाग ठरते. एक जरी उत्तर अडले, तरी तो मजकूर आपल्यापाशीच थांबवावा.