१६ सप्टेंबर : माद्रिदमधला एका गुणाचा विजय

२००७ साली आजच्या दिवशी माद्रिदमध्ये युरोपीय बास्केटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना झाला. यजमान स्पेन तेव्हा जगज्जेता होता आणि समोर होता रशिया. शेवटची काही सेकंद उरली असताना स्पेन एका गुणाने पुढे होता. तेवढ्यात रशियाच्या जे. आर. होल्डनने चेंडू हिसकावला आणि बास्केट केली. स्पेनच्या पाउ गसोलचा अखेरचा फटका हुकला. रशिया ६०, स्पेन ५९! सोव्हिएत संघ फुटल्यानंतरचे रशियाचे हे पहिलेच युरोपीय विजेतेपद.

संघाचे प्रशिक्षक डेव्हिड ब्लॅट मात्र रशियन नव्हते. अमेरिकेत जन्मलेले ब्लॅट प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संघात पीट करिल यांच्या हाताखाली तयार झाले. सतत पास देत मोकळा खेळाडू शोधायचा, ही तिथली शिकवण. पुढे ते इस्रायलमध्ये गेले, तिथेच वर्षानुवर्षे खेळले आणि १९९३ मध्ये प्रशिक्षक झाले.

परक्या देशाच्या राष्ट्रीय संघाचा विश्वास मिळवणे सोपे नसते. ब्लॅट यांनी तो टिकवलाही : २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये रशियाला कांस्यपदक मिळाले. २०१४ मध्ये त्यांच्या मक्काबी तेल अवीवने युरोलीग जिंकली आणि त्याच वर्षी एनबीएतील क्लीव्हलँड कॅव्हेलिअर्सने त्यांना बोलावले. पहिल्याच हंगामात संघ अंतिम फेरीत पोहोचला, तरी जानेवारी २०१६ मध्ये, ३० विजय आणि ११ पराभव अशी कामगिरी असताना त्यांना काढून टाकण्यात आले. हा निर्णय अन्यायकारकच होता. ब्लॅट पुन्हा युरोपात परतले आणि प्रशिक्षण देत राहिले.