हायब्रिडचा धडा : चेंडू उचलायचा कोणी?

१)
गोल्फ शिकणारा जवळजवळ प्रत्येक जण एकच चूक करतो. चेंडू गवतावर निपचित पडलेला असतो आणि त्याला हवेत न्यायचे असते. म्हणून फटका मारताना शरीर नकळत मागे झुकते आणि मनगटे चेंडूला खालून उचलू पाहतात. मग क्लब एक तर चेंडूच्या आधीच जमिनीत रुततो, नाहीतर चेंडूच्या माथ्यावर आदळतो आणि चेंडू सरपटत जातो. या एका चुकीभोवती गोल्फच्या साधनांचा पावणेदोनशे वर्षांचा इतिहास फिरतो. लाकडी आणि लोखंडी क्लबांच्या संकरातून जन्मलेला ‘हायब्रिड’ हा त्यातला अलीकडचा अध्याय. तो नीट मारायला कसे शिकावे, हे समजून घ्यायचे तर तो मुळात का घडला, हे आधी पाहावे लागते. #इतिहास #थ्रेड

२)
एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्कॉटलंडमधील चेंडूला ‘फेदरी’ म्हणत. चामड्याच्या इवल्या पिशवीत ओली पिसे ठासून भरायची, तोंड शिवायचे आणि वाळू द्यायचे. चामडे आक्रसे, पिसे फुगत आणि चेंडू कडक होई. कसबी कारागिराच्या हातून दिवसभरात जेमतेम तीन-चार चेंडू तयार होत. अशा महागड्या वस्तूवर लोखंडाचा घाव घालणे परवडण्यासारखे नव्हते, कारण एका चुकार फटक्याने शिवण उसवे. म्हणून थैलीतले बहुतेक क्लब लाकडी असत. लोखंड बाहेर निघे ते चेंडू वाळूत किंवा गाडीच्या चाकोरीत अडकला तरच.

३)
त्या लाकडी क्लबांत ‘स्पून’ नावाचे एक कुटुंब होते. त्यांतला सर्वांत तिरकस मुखाचा क्लब म्हणजे ‘बॅफिंग स्पून’, लाडाने ‘बॅफी’. क्लबचे मुख जितके मागे कललेले, तितका चेंडू उंच जातो. या कलाला ‘लॉफ्ट’ म्हणतात. बॅफीचा तळ जमिनीला घासत जाई आणि चेंडू उंच उडून ग्रीनजवळ उतरे. लांबच्या अंतरावरून चेंडू उंच न्यायचा आणि अलगद टेकवायचा, ही आजच्या हायब्रिडची कामगिरी तेव्हा बॅफीकडे होती.

४)
१८४८ च्या सुमारास मलायातील झाडांच्या चिकापासून बनणारा गटापर्चाचा चेंडू आला आणि सारे चित्र पालटले. या चेंडूच्या जन्माची एक आख्यायिका थेट विष्णूशी जाऊन भिडते. पूर्वेकडून सेंट अँड्र्यूजला पाठवलेल्या विष्णूच्या मूर्तीभोवती गटापर्चाचे वेष्टन होते आणि त्यातूनच पहिला चेंडू वळला गेला, असे सांगतात. आख्यायिकेचे काहीही असो, परिणाम मात्र ठोस होता. नवा चेंडू स्वस्त होता आणि उसवत नव्हता. तुटलाच तर तापवून पुन्हा वळता येई. आता त्यावर लोखंड चालवायला हरकत उरली नाही.

५)
या बदलाने माणसेही दुभंगली. सेंट अँड्र्यूजचा ॲलन रॉबर्टसन हा त्या काळचा अग्रगण्य खेळाडू आणि फेदरीचा नामांकित कारागीर. नव्या चेंडूत त्याला आपल्या धंद्याचा काळ दिसला. त्याच्याकडे काम करणारा टॉम मॉरिस गटापर्चाने खेळला म्हणून दोघांचे बिनसले आणि १८५१ मध्ये मॉरिस प्रेस्टविकला निघून गेला. पुढे रॉबर्टसननेही नवा चेंडू स्वीकारला. इतकेच नव्हे, तर ‘क्लीक’ या लोखंडी क्लबने ग्रीनकडे चेंडू धाडण्यात तो निष्णात झाला. मॉरिसच्या मुलाने, यंग टॉमने, लोखंडाची ही कला आणखी पुढे नेली. बॅफीचे महत्त्व ओसरू लागले.

६)
विसाव्या शतकात लाकडी दांड्यांची जागा पोलादाने घेतली. क्लीक, मॅशी, निब्लिक ही रसाळ नावे गेली आणि आयर्नांना क्रमांक आले. आकडा जितका लहान, तितका लॉफ्ट कमी आणि पल्ला अधिक. काही खेळाडू वीस-पंचवीस क्लब घेऊन मैदानात उतरू लागले, तेव्हा अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने १९३८ मध्ये आणि सेंट अँड्र्यूजच्या ‘आर अँड ए’ने १९३९ मध्ये १४ क्लबांची मर्यादा घातली. यापुढे थैलीतल्या प्रत्येक क्लबला आपली जागा कमवावी लागणार होती. हायब्रिडच्या कथेत हा नियम पुढे फार महत्त्वाचा ठरतो.

७)
या क्रमांकांच्या उतरंडीत ‘वन आयर्न’ला जवळजवळ दैवी मान मिळाला. १९४९ च्या फेब्रुवारीत बसशी झालेल्या धडकेत बेन होगन मरता मरता वाचला होता. त्यानंतर सोळा महिन्यांनी, जून १९५० मध्ये, मेरियनच्या मैदानावर यूएस ओपनच्या शेवटच्या होलवर त्याने लांब आयर्नचा फटका ग्रीनवर पोहोचवला, बरोबरी साधली आणि दुसऱ्या दिवशीचा प्लेऑफ जिंकला. त्या फटक्याचे पाठमोरे छायाचित्र गोल्फमधील सर्वांत प्रसिद्ध छायाचित्रांपैकी एक आहे. १९७२ मध्ये पेबल बीचवर जॅक निकलसने सतराव्या होलवर वन आयर्नने मारलेला चेंडू निशाणाच्या काठीवर आदळून होलशेजारी थांबला. लांब आयर्न म्हणजे पुरुषार्थ, असे समीकरणच होऊन बसले.

८)
पण होगन आणि निकलस यांच्यामागे लाखो सामान्य खेळाडू होते आणि त्यांच्या हाती हाच क्लब शत्रू ठरत होता. कारण भौतिकशास्त्रीय आहे. लांब आयर्नचे मुख जवळजवळ उभे आणि पाते पातळ. चेंडू उंच जायचा तर क्लबच्या डोक्याला प्रचंड वेग हवा आणि आघात नेमक्या मध्यबिंदूवर हवा. आघात जरा बाजूला झाला की पाते हातात फिरते, पल्ला घटतो आणि दिशा बिघडते. चेंडू उठत नाही हे पाहून खेळाडू त्याला हाताने उचलू पाहतो, म्हणजे पहिल्या परिच्छेदातली चूक करतो आणि फटका आणखीच फसतो. साधनाचा दोष आणि सवयीचा दोष एकमेकांना खतपाणी घालत राहतात.

९)
‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही म्हण अशा खेळाडूंना सहज ऐकवता आली असती. एका अभियंत्याने मात्र अंगणच तपासायला घेतले. नॉर्वेत जन्मलेला कार्स्टन सोल्हाइम अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये नोकरी करत होता आणि फावल्या वेळात घराच्या गॅरेजमध्ये पटर घडवत होता. त्याचा विचार साधा होता. डोक्याचे वजन मध्यभागी न साठवता कडांकडे वाटले, तर आघात चुकला तरी क्लब कमी फिरेल. या तत्त्वावर त्याने ‘पिंग’ कंपनी उभारली आणि पुढे आयर्नही तसेच घडवले. चुकीला क्षमा करणारे साधन, ही कल्पना येथून रुजली.

१०)
दुसरा धागा लाकडाच्या बाजूने आला. ऑस्ट्रेलियन हौशी विजेता थॉमस क्रो याने १९७३ मध्ये अमेरिकेत ‘कोब्रा’ कंपनी काढली आणि १९७५ मध्ये ‘बॅफलर’ हा क्लब आणला. आकाराने आटोपशीर, लॉफ्ट भरपूर आणि तळाला दोन कणे, त्यामुळे तो दाट गवतातून सहज सरके. त्याचे नाव जुन्या बॅफीची आठवण करून देणारे होते. १९७९ मध्ये गॅरी ॲडम्सच्या ‘टेलरमेड’ने धातूचा ड्रायव्हर बाजारात आणला आणि ‘वुड’ लाकडाचाच असला पाहिजे, हा आग्रहही मोडीत निघाला. पोकळ धातूमुळे वजन हवे तिथे, म्हणजे खाली आणि मागे, नेता येऊ लागले.

११)
एकविसाव्या शतकाच्या आरंभी हे दोन्ही धागे एकत्र विणले गेले. दांडा वुडपेक्षा आखूड, आयर्नच्या जवळ जाणारा. डोके लहान वुडसारखे पोकळ आणि तळ रुंद. गुरुत्वमध्य मुखाच्या मागे आणि खाली असल्याने त्याच लॉफ्टच्या आयर्नपेक्षा चेंडू अधिक उंच उडतो. गवतात पाते गुरफटत नाही, रुंद तळ त्यावरून घसरत जातो. टेलरमेडने आपल्या क्लबला ‘रेस्क्यू’, म्हणजे ‘सुटका’, असे नाव दिले. त्या नावातच अडचण होती. सुटका दुबळ्याची करायची असते, असे मानणाऱ्यांना हा क्लब म्हाताऱ्यांचा आणि नवशिक्यांचा वाटला. थैलीत १४च जागा, आणि त्यांतली एक रिकामी करायची तर लांब आयर्न बाहेर काढावा लागणार होता. हा निर्णय हिशेबाचा कमी आणि प्रतिष्ठेचा अधिक होता.

१२)
प्रतिष्ठेच्या या भिंतीला मोठे खिंडार पडले ते जुलै २००४ मध्ये, स्कॉटलंडच्याच रॉयल ट्रूनवर. अमेरिकेचा टॉड हॅमिल्टन ३८ वर्षांचा होता. अनेक वर्षे जपानमध्ये खेळून तो त्याच वर्षी मायदेशीच्या मुख्य दौऱ्यावर नवखा म्हणून दाखल झाला होता. ओपनच्या चार होलांच्या प्लेऑफमध्ये त्याच्यासमोर अर्नी एल्स होता. शेवटच्या होलवर चेंडू ग्रीनच्या अलीकडे राहिला, तेव्हा हॅमिल्टनने हायब्रिड काढला आणि पटरसारखा आखूड झोका देऊन चेंडू जमिनीलगत धावता ठेवला. चेंडू होलपासून अगदी जवळ थांबला. एका फटक्याच्या फरकाने त्याने ओपन जिंकली. ‘सुटकेचा’ क्लब विजेत्याच्या हाती दिसला.

१३)
आता मूळ प्रश्न : हायब्रिड नीट कसा मारावा? नवशिक्याला त्याचे डोके वुडसारखे दिसते, म्हणून तो चेंडूला झाडूसारखा झाडायला किंवा वर उचलायला जातो. येथेच घोटाळा होतो. हायब्रिड दिसतो वुडसारखा, पण मारायचा असतो आयर्नसारखा. चेंडू दोन्ही पावलांच्या मध्यापासून किंचित पुढच्या पायाकडे ठेवावा. आघातापर्यंत शरीराचा भार पुढच्या पायावर आलेला असावा. क्लब किंचित खाली उतरत आधी चेंडूला आणि मग गवताला भिडावा. खोल खड्डा पडू नये, चेंडूच्या पुढचे गवत तेवढे घासले जावे. हाताने जोर लावून चेंडू उचलण्याची गरज नसते, ते काम लॉफ्ट आणि खालचे वजन करतात. सराव करताना चेंडू कुठे गेला यापेक्षा क्लब जमिनीला कुठे टेकला, हे पाहणे अधिक उपयोगाचे. खूण चेंडूच्या मागे असेल, तर शरीर अजून मागेच राहते आहे.

१४)
हा धडा सर्वांत मोठ्या रंगमंचावर गिरवला तो दक्षिण कोरियाच्या यांग योंग-उन याने. जेजू बेटावरच्या शेतकरी कुटुंबातला हा मुलगा. लहानपणापासून अकादमीत घडलेल्यांपैकी तो नव्हता. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी गोल्फच्या सराव केंद्रावर चेंडू गोळा करण्याची नोकरी त्याला मिळाली. इतरांचे पाहून आणि उरलेल्या वेळात स्वतः चेंडू मारून तो शिकला. मध्ये सक्तीची लष्करी सेवाही झाली. ऑगस्ट २००९ मध्ये तो जागतिक क्रमवारीत शंभराच्याही बाहेर होता आणि मिनेसोटातील हेझल्टाइनवर पीजीए अजिंक्यपदाच्या अंतिम फेरीत टायगर वुड्ससोबत खेळत होता. वुड्स दोन फटक्यांनी पुढे होता. त्याआधी १४ वेळा वुड्सने मोठ्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत आघाडीवरून किंवा बरोबरीच्या आघाडीवरून पाऊल ठेवले होते आणि चौदाही वेळा तोच जिंकला होता.

१५)
चौदाव्या होलवर यांगने ग्रीनबाहेरून चेंडू थेट होलात घातला आणि एका फटक्याची आघाडी घेतली. अठराव्या होलवर आघाडी तेवढीच होती. निशाण सुमारे २०० यार्ड दूर आणि वाटेत झाड. लांब आयर्नने चेंडू एवढा उंच नेऊन ग्रीनवर थांबवणे भल्याभल्यांना अवघड गेले असते. यांगने तीन क्रमांकाचा हायब्रिड घेतला. चेंडू झाडावरून गेला, ग्रीनवर उतरला आणि होलपासून काही फुटांवर विसावला. त्याने तो पुढच्याच फटक्यात होलात घातला, वुड्सचा एक फटका वाया गेला आणि तीन फटक्यांच्या फरकाने यांग जिंकला. पुरुषांची मोठी स्पर्धा जिंकणारा तो आशियात जन्मलेला पहिला गोल्फपटू. विजयानंतर त्याने अख्खी थैली डोक्यावर उचलून धरली.

१६)
साधनांचा इतिहास अनेकदा शोधकांच्या नावांनी सांगितला जातो. या कथेत मात्र साधनाइतकाच महत्त्वाचा आहे तो ते स्वीकारणाऱ्याचा स्वभाव. रॉबर्टसनला आपलाच धंदा बुडवणारा चेंडू अखेर हाती घ्यावा लागला. हॅमिल्टनने जगासमोर ‘सुटकेचा’ क्लब काढताना संकोच केला नाही. इतरांच्या चेंडूंच्या टोपल्या भरता भरता शिकलेल्या यांगला लांब आयर्नच्या खानदानी प्रतिष्ठेचे ओझे वाहायचे नव्हते. आणि सराव करणाऱ्या नवशिक्यापुढे आजही तोच प्रश्न असतो, फक्त छोट्या प्रमाणात : चेंडू आपणच उचलला पाहिजे, हा हट्ट सोडायचा का? ज्या दिवशी तो खाली मारायला धजावतो, त्या दिवशी चेंडू वर जातो.