फाईल कोणाच्या हाती? पियानोचं लेखन आणि स्वरलेखनाची सॉफ्टवेअर

पियानोसाठी रचना लिहायच्या तर कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं, असा प्रश्न श्रोत्यांकडून वारंवार येतो. उत्तर म्हणून बहुतेकांना किमतीचा आणि सोयींचा तक्ता हवा असतो. आपण आज तो बाजूला ठेवू आणि या सॉफ्टवेअरांचं आजवर काय झालं ते बघू.

आधी पियानोची अडचण समजून घेऊ. बासरीसाठी लिहायचं तर एक ओळ पुरते. पियानोला दोन स्टाफ लागतात, आणि एकेका हातात दोन-दोन, कधी तीन स्वतंत्र सुरावटी चालतात. मधली सुरावट डाव्या हाताकडून उजव्याकडे जाते, म्हणजे खालच्या स्टाफवरून वरच्यावर चढते. त्यात पेडलच्या खुणा आणि बोटांचे आकडे. धातूच्या पत्र्यावर उलट्या आरशासारखे ठसे मारून हे सगळं बसवणारे कारागीर होते, आणि ते काम शिकायला वर्षं जायची.

संगणकावर हे आणण्याचा एक मोठा सुरुवातीचा प्रयत्न स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या लिलंड स्मिथ यांचा. त्यांच्या 'स्कोअर' मध्ये आधी सूर टाइप करायचे, मग त्यांच्या लांब्या, मग खुणा. पान देखणं यायचं, पण माणूस आधी टंकलेखक आणि मग संगीतकार व्हायचा!

१९८८ मध्ये 'फिनाले' आलं आणि पडद्यावर दिसेल तसं लिहिता येऊ लागलं. त्यात काहीही करता यायचं, पण शिकायला वेळ लागायचा. एक सूर दुसऱ्या स्टाफवर न्यायलासुद्धा वेगळं साधन होतं. १९९३ मध्ये इंग्लंडमधल्या बेन आणि जोनाथन फिन या जुळ्या भावांनी एकॉर्न संगणकासाठी 'सिबेलियस' काढलं. ते झपाझप चालायचं. पुढची अनेक वर्षं संगीतकारांत फिनालेवाले आणि सिबेलियसवाले असे दोन तट होते, आपल्याकडे पलुसकर पद्धत आणि भातखंडे पद्धत यांचे असायचे तसेच.

इथून गोष्ट मालकांची होते. सिबेलियस २००६ मध्ये 'अॅव्हिड' कंपनीकडे गेलं. २०१२ मध्ये कंपनीने लंडनचं कार्यालय बंद केलं आणि ज्यांनी ते घडवलं त्यातल्या बऱ्याच जणांना बाहेर पडावं लागलं. 'स्टाइनबर्ग'ने त्यांना घेतलं. त्यांनी कोऱ्या पाटीवर सुरुवात केली आणि २०१६ मध्ये 'डोरिको' आलं. सोळाव्या शतकातल्या एका इटालियन संगीत-मुद्रकाचं नाव त्याला दिलंय.

आणि मग २६ ऑगस्ट २०२४. फिनाले आता विकलं जाणार नाही, त्यात सुधारणाही होणार नाही, असं 'मेकम्युझिक'ने जाहीर केलं. वर्षभरानंतर नव्या संगणकावर ते सुरूच करता येणार नाही, असंही सुरुवातीला सांगितलं होतं. केवढा गहजब झाला! पैसे मोजून घेतलेलं सॉफ्टवेअर, पण त्याला परवानगी द्यायला कंपनी हवी. मग ती अट मागे घेतली. ग्राहकांना डोरिको सवलतीत मिळालं. पण ३५ वर्षांच्या फाईली? त्या फिनालेच्याच भाषेत होत्या.

त्यांना बाहेर काढायची वाट म्हणजे 'म्युझिकएक्सएमएल'. मायकेल गुड यांनी ही सामाईक भाषा बांधली, पहिली आवृत्ती २००४ ची. तिच्यातून सूर आणि लांब्या नीट जातात. पानाची मांडणी मात्र बिघडते, आणि पियानोच्या लेखनात मांडणी म्हणजे सजावट नव्हे. कोणता सूर कोणत्या हाताने वाजवायचा, हे तीच सांगते. म्हणून नव्या सॉफ्टवेअरमध्ये पान पान तपासावं लागतं.

भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तक मालिकेचे जुने भाग आजही उघडून वाचता येतात, त्याला कोणाची परवानगी लागत नाही. आमच्या मते निवडीची पहिली कसोटी हीच. 'म्यूझस्कोअर' फुकट आहे, त्याचा कोड खुला आहे, आणि त्याची फाईल म्हणजे दाबून बांधलेला एक्सएमएलचा गठ्ठा. नव्याने लिहिणाऱ्याने तिथून सुरुवात करावी. प्रत्येक स्टाफवर चार सुरावटी मिळतात, बाखच्या फ्यूगला तेवढ्या पुष्कळ झाल्या. त्याहून गुंतागुंतीचं लिहिणाऱ्याला डोरिकोचे पैसे वसूल होतील, कारण तिथे सुरावटींना मर्यादा नाही. टाइप करायचा कंटाळा नसेल तर 'लिलिपॉण्ड'ही फुकट आहे आणि त्याची फाईल म्हणजे साधा मजकूर. सिबेलियस ज्यांच्या हातात बसलंय त्यांनी ते सोडायचं काही कारण नाही. फक्त रचना पूर्ण झाली की तिची एक म्युझिकएक्सएमएल आणि एक पीडीएफ काढून ठेवा.

आणि ज्यांच्याकडे अजून फिनालेच्या फाईली पडून आहेत त्यांनी थांबू नये. अख्खं फोल्डर एकदम म्युझिकएक्सएमएलमध्ये बदलायची सोय फिनालेमध्येच आहे. जुना संगणक चालू आहे तोवर हे काम उरकून घ्या.