राजकीय विचारसरणी आणि राजकीय पक्ष

राजकीय विचारसरणी म्हणजे समाज कसा असावा, सत्ता कोणाकडे असावी, मालमत्ता आणि श्रम यांचे नाते काय असावे, व्यक्तीला कितपत स्वातंत्र्य असावे यांविषयीची सुसंगत मांडणी. राजकीय पक्ष म्हणजे निवडणूक लढवून सत्ता मिळवण्यासाठी किंवा तिच्यावर दबाव ठेवण्यासाठी उभारलेली संघटना. पक्षाला सभासद, घटना, निधी, चिन्ह आणि उमेदवार लागतात. विचारसरणीला यांपैकी काहीच लागत नाही. रोजच्या बोलण्यात मात्र ‘तो समाजवादी आहे’ आणि ‘तो समाजवादी पक्षात आहे’ ही दोन विधाने सर्रास एकाच अर्थाने वापरली जातात. महाराष्ट्राचा आणि गोव्याचा राजकीय इतिहास पाहिला, तर हा घोळ किती महाग पडतो ते कळते.

विचार कायम राहून पक्ष बदलल्याचे ठळक उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. कोकणातील खोती नष्ट करण्याचे विधेयक या पक्षाच्या वतीने त्यांनी मुंबई विधिमंडळात आणले. त्यामागे कुळे आणि गिरणी कामगार यांना जातीपलीकडे जाऊन एकत्र आणण्याची कल्पना होती. १९४२ मध्ये सत्तांतराच्या वाटाघाटी सुरू झाल्या आणि त्यांत अस्पृश्यांच्या वतीने बोलणाऱ्या संघटनेची गरज निर्माण झाली, तेव्हा नागपूरच्या परिषदेत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन उभे राहिले. पुढे सर्व वंचितांना सामावून घेणाऱ्या रिपब्लिकन पक्षाची आखणी त्यांनी केली. तो प्रत्यक्षात आला त्यांच्या निधनानंतर, ३ ऑक्टोबर १९५७ रोजी. स्वातंत्र्य, समता आणि बंधुता हा गाभा तिन्ही वेळा तोच होता. पक्ष हे त्यांच्या लेखी साधन होते आणि परिस्थितीप्रमाणे त्यांनी ते बदलले. त्यांच्या पश्चात रिपब्लिकन पक्षाचे गटांमागून गट पडले आणि प्रत्येक गट आंबेडकरवादाचाच दावा करीत राहिला. म्हणजे फुटी पडल्या त्या नेतृत्व आणि युती यांवरून. तत्त्वज्ञानाशी त्यांचा संबंध बेताचाच होता.

याउलट एका पक्षात अनेक विचारसरणी नांदू शकतात. स्वातंत्र्यपूर्व काँग्रेस हा असाच मोठा वाडा होता. १९३०-३३ च्या कायदेभंगात नाशिकच्या तुरुंगात जयप्रकाश नारायण, अच्युत पटवर्धन, मिनू मसानी, ना. ग. गोरे, एस. एम. जोशी अशी तरुण मंडळी एकत्र आली. तिथल्या चर्चांतून १९३४ चा काँग्रेस समाजवादी पक्ष आकाराला आला. नाव नीट वाचावे : काँग्रेसही आणि समाजवादीही. स्वातंत्र्यानंतर पक्षांतर्गत पक्ष चालणार नाही अशी भूमिका काँग्रेसने घेतली आणि मार्च १९४८ मध्ये समाजवाद्यांनी बाहेर पडण्याचा निर्णय केला, तोही नाशिकच्याच अधिवेशनात. त्यानंतर प्रजा समाजवादी, लोहियांचा समाजवादी, संयुक्त समाजवादी असे जोडत-तुटत हा प्रवाह १९७७ मध्ये जनता पक्षात विसर्जित झाला. पक्ष संपला, पण १९४१ चे राष्ट्र सेवा दल आणि साने गुरुजींनी १९४८ मध्ये सुरू केलेले ‘साधना’ साप्ताहिक चालूच राहिले. विचारसरणीला जगायला पक्षच लागतो असे नाही, हे यावरून दिसते.

शेतकरी कामगार पक्षाची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. सत्यशोधक आणि ब्राह्मणेतर चळवळीतून काँग्रेसमध्ये आलेले केशवराव जेधे, शंकरराव मोरे प्रभृती १९४७-४८ मध्ये तिथून बाहेर पडले आणि त्यांनी हा पक्ष स्थापला. काँग्रेस भांडवलदारांच्या आणि शेटजी-भटजींच्या हाती गेली, ही त्यांची तक्रार. अनुयायी बहुतांशी खेड्यापाड्यांतील शेतकरी. १९५० मध्ये मालेगाव तालुक्यातील दाभाडी येथे पक्षाने मार्क्सवाद-लेनिनवाद स्वीकारणारा प्रबंध मंजूर केला. तो ‘दाभाडी प्रबंध’ म्हणूनच ओळखला जातो. विचारसरणी अशी ठरावाने स्वीकारता येते. ती सभासदांच्या अंगी मुरली का, हा प्रश्न वेगळा. जमिनीवर जीव असलेल्या बागायतदाराला वर्गसंघर्षाची भाषा कितपत पेलणार होती? पुढच्या काही वर्षांत जेधे आणि मोरे स्वतःच काँग्रेसमध्ये परतले. तरीही पक्ष उरला, रायगडमध्ये विशेष जोमाने. सांगोल्याचे गणपतराव देशमुख याच पक्षाकडून अकरा वेळा विधानसभेवर निवडून आले. तिथल्या मतदाराने दाभाडी प्रबंध वाचला होता असे कोणी म्हणणार नाही. त्याने पाण्याच्या प्रश्नावर लढणारा आणि साधा राहणारा आमदार पाहिला.

पक्ष तोच राहून विचारसरणीची मांडणी बदलते, हेही घडते. १९८० मध्ये स्थापन झालेल्या भारतीय जनता पक्षाने ‘गांधीवादी समाजवाद’ हे आपल्या निष्ठांपैकी एक मानले. १९८४ च्या लोकसभा निवडणुकीत दोनच जागा मिळाल्या आणि पुढच्या वर्षी पक्षाने एकात्म मानवदर्शनाला आपले मूळ तत्त्वज्ञान म्हणून पुन्हा पुढे आणले. दीनदयाळ उपाध्याय यांनी ते १९६५ मध्ये मुंबईतील व्याख्यानांत मांडले होते.

कायद्याला यांतले काय दिसते? लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम २९-अ नुसार नोंदणी करू इच्छिणाऱ्या पक्षाला राज्यघटनेवर आणि समाजवाद, धर्मनिरपेक्षता व लोकशाही या तत्त्वांवर निष्ठा असल्याचे आपल्या घटनेत लिहून द्यावे लागते. त्यामुळे खुल्या बाजारपेठेचा कट्टर पुरस्कर्ता पक्षही कागदोपत्री समाजवादी असतो. ही अट विचारसरणीची खरी कसोटी नसून निव्वळ सोपस्कार झाली आहे, असेच म्हणावे लागते. पक्षांतरबंदीसाठी १९८५ मध्ये घटनेला जोडलेले दहावे परिशिष्टही पक्षच पाहते. सभागृहात व्हिप मोडला तर आमदारकी जाऊ शकते. जाहीरनामा मोडला तर काहीही होत नाही.

पक्ष फुटल्यावर खरा वारस कोण, हे निवडणूक आयोग १९६८ च्या चिन्हविषयक आदेशाप्रमाणे ठरवतो. १९६९ ची काँग्रेसमधील फूट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. ध्येयधोरणे, पक्षाची घटना आणि बहुमत अशा कसोट्या त्या प्रकरणात तपासल्या गेल्या. पक्षाची ध्येये दोन्ही गटांपैकी कोणीच उघडपणे नाकारली नव्हती, म्हणून तराजू झुकला तो बहुमताने. शिवसेनेबाबत फेब्रुवारी २०२३ मध्ये आणि राष्ट्रवादी काँग्रेसबाबत फेब्रुवारी २०२४ मध्ये आयोगाने दिलेल्या निर्णयांतही अखेर लोकप्रतिनिधींचे संख्याबळच निर्णायक ठरले. विचारांचा वारसा कोणाचा, हा वाद सभांमध्ये रंगतो. आयोगापुढे मोजली जातात ती डोकी.

प्रश्न मिटला तरी पक्ष मिटत नाही, याचे उदाहरण गोव्यात आहे. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा ही महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाची मुख्य भूमिका होती आणि १९६३ मध्ये दयानंद बांदोडकरांच्या नेतृत्वाखाली तो सत्तेवर आला. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोवेकरांनी विलीनीकरण नाकारले. त्याच वर्षी झालेल्या निवडणुकीत त्यांनी पुन्हा याच पक्षाला सत्ता दिली, कारण बहुजन समाजाला त्यातून मिळालेला आवाज आणि गावोगावी निघालेल्या शाळा त्यांना हव्या होत्या. बांदोडकरांनंतर शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या आणि मगो पक्ष १९७९ पर्यंत सत्तेत राहिला. सिंह या चिन्हावर तो आजही निवडणुका लढवतो.